पोर्टेबल ड्राफ्टिंग बोर्डावर काढलेली चौकट शेवटच्या कोपऱ्यात जुळत नाही: दोष कसा शोधावा

पोर्टेबल ड्राफ्टिंग बोर्ड वापरणाऱ्यांना वारंवार सतावणारी एक अडचण अशी, की आडवी रेषा नीट येते, तिच्यावर गुण्या टेकवून काढलेली उभी रेषाही नीट दिसते, परंतु चारही बाजू काढून चौकट पूर्ण करायला जावे तर शेवटचा कोपरा अर्ध्या-एक मिलिमीटरने चुकतो. मग कागद काढून पुन्हा लावला जातो, रेषा खोडून पुन्हा काढल्या जातात, आणि पुढच्या कागदावर तीच चूक पुन्हा होते. कधी त्याच कोपऱ्यात, तर कधी भलत्याच. या लेखात फक्त या एका अडचणीचा विचार केला आहे. बोर्ड ए-३ किंवा ए-४ आकाराचा, प्लास्टिकचा, कडेच्या खाचेतून सरकणारी आणि मुठीवरील बटणाने जागेवर पक्की होणारी समांतर पट्टी असलेला, असे गृहीत धरले आहे.

आधी चुकीचे मोजमाप लक्षात घ्यावे. ४०० मि.मी. लांबीच्या रेषेच्या टोकाशी १ मि.मी. फरक पडला, तर कोनात झालेली चूक केवळ ०.१४ अंशाची असते. एवढा कोन नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कोनमापकावर वाचता येत नाही, आणि पट्टी हातात घेऊन कितीही न्याहाळली तरी सापडत नाही. डोळ्यांना दिसते ती कोपऱ्यातली फट. त्यामुळे कारण न शोधता थेट पट्टी बदलणे, स्क्रू आवळणे किंवा सगळा बोर्डच टाकाऊ ठरवणे, असे उपाय केले जातात. ते अधूनमधून लागूही पडतात, पण का लागू पडले ते कळत नाही, म्हणून अडचण परत येते.

यामागे एक गोष्ट आहे, जी एकदा समजली की उरलेला शोध बराच सोपा होतो. पट्टी खाचेशी नेमक्या काटकोनात बसलेली नसली, पण प्रत्येक वेळी तितकीच तिरपी राहत असली, तर तिने काढलेल्या सर्व आडव्या रेषा परस्परांना समांतरच येतात, आणि उभ्या रेषा त्याच पट्टीवर टेकवलेल्या गुण्याने काढल्या असतील तर त्या आडव्या रेषांना काटकोनातच येतात. म्हणजे कायम तिरप्या असलेल्या पट्टीनेही अचूक आयत काढता येतो. कागद तिरपा लावला तरी हेच घडते: चौकट कागदाच्या कडेशी तिरकी दिसते, पण चारही कोपऱ्यांत जुळते. कोपरा जुळत नाही तो तिरपेपणा असल्यामुळे नव्हे, तर चित्र काढत असताना तिरपेपणा बदलल्यामुळे. म्हणून शोध घ्यायचा तो काय तिरपे आहे याचा नाही, काय हलते आहे याचा. याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे, तो गुण्याच्या काटकोनाचा. त्याचा विचार पुढे येतो.

चाचणीचा आयत

ए-३ कागदाचे माप २९७ × ४२० मि.मी. असते. त्यावर ३२० मि.मी. रुंद आणि २४० मि.मी. उंच असा आयत काढावा. हे माप घेण्याचे कारण असे, की ३, ४, ५ या त्रिकुटामुळे त्याचे दोन्ही कर्ण नेमके ४०० मि.मी. यायला हवेत, आणि गोल आकड्याशी तुलना करताना वाचनाची चूक कमी होते. ए-४ बोर्ड असेल तर २०० × १५० मि.मी. घ्यावे, मग कर्ण २५० मि.मी. यायला हवा. खालची आडवी रेषा काढावी, तिच्यावर डावीकडून मोजून दोन खुणा कराव्यात, त्या खुणांमधून गुण्याने उभ्या रेषा काढाव्यात, आणि डाव्या उभ्या रेषेवर उंची मोजून तेथून पट्टीने वरची आडवी रेषा काढावी. एखाद्या लहान गुण्याची उंची पुरत नसेल तर रेषा दोन टप्प्यांत काढावी लागते. तसे असल्यास पट्टी वर सरकवल्यावर गुण्या आधीच्या रेषेशी जुळतो का, ते जरूर पाहावे. कोपरे जुळवण्यासाठी हाताने कोणतीही रेषा ओढूनताणून जवळ आणू नये. चूक लपवायची नसून उघडी पाडायची आहे, हे या चाचणीपुरते विसरता कामा नये.

आता चार बाजू आणि दोन कर्ण यांची तुलना करावी. आकडे वाचण्यापेक्षा कागदाची एक सरळ कापलेली अरुंद पट्टी घ्यावी, तिच्या कडेवर एका बाजूची लांबी बारीक खुणांनी उतरवावी, आणि तीच पट्टी समोरच्या बाजूवर ठेवावी. मोजपट्टीवर ०.५ मि.मी. पर्यंतचा फरक खात्रीने वाचणे अवघड असते. दोन खुणा जुळतात की नाही हे मात्र डोळा त्याहून बारीक पाहू शकतो. आखूड अंतरांसाठी कर्कटक वापरले तरी चालेल, फक्त त्याची टोके कागदात रुतून भोके पडणार नाहीत इतकी काळजी घ्यावी.

डाव्या आणि उजव्या बाजूची उंची वेगळी आली, म्हणजे वरची रेषा खालच्या रेषेला समांतर नाही, तर पट्टी डुलते आहे किंवा मध्येच कागद फिरला आहे. दोन्ही उंची सारख्या, पण वरची रुंदी खालच्या रुंदीपेक्षा वेगळी असेल, तर दोन उभ्या रेषा परस्परांना समांतर नाहीत, आणि संशय गुण्यावर व तो ज्या प्रकारे टेकवला त्यावर जातो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, तरी दोन कर्णांत फरक आहे, तर आकृती समांतरभुज चौकोन झाली आहे. येथे गुण्याचा काटकोनच चुकीचा असणे सर्वांत शक्य असते. या ३२० × २४० च्या आयतात कर्णांमधील १ मि.मी. फरक म्हणजे कोनात सुमारे ०.१५ अंशाची चूक, इतके गणित हाताशी ठेवावे. सगळे सारखे आहे, कर्णही सारखे आहेत, पण ते ४०० नसून ३९९ किंवा ४०१ आहेत, तर बोर्ड निर्दोष आहे आणि चूक मोजण्यात आहे.

एवढे करायला फार वेळ लागत नाही, आणि पुढची निम्मी शंका येथेच संपते.

पट्टी डुलते की कागद हलतो

डाव्या-उजव्या उंचीत फरक आढळला की दोष कागदाचा की पट्टीचा, हे आधी वेगळे करावे. त्यासाठी पट्टी खाली आणून पहिल्या आडव्या रेषेवर पुन्हा ठेवावी आणि बटणाने पक्की करावी. रेषेची दोन्ही टोके पट्टीच्या कडेशी जुळतात का, ते पाहावे. मग कागदाला हात न लावता पट्टी वर नेऊन परत खाली आणावी, आणि हे चार-पाच वेळा करावे. प्रत्येक वेळी पट्टी वेगळ्या तऱ्हेने बसत असेल, कधी उजवे टोक थोडे वर, कधी थोडे खाली, तर ढिलेपणा पट्टीत आहे. प्रत्येक वेळी ती एकाच ठिकाणी बसते, पण रेषा मात्र तेथे नाही, असे दिसले तर कागद सरकला आहे. माझ्या मते या अडचणीची बहुतेक प्रकरणे या एका तपासणीत सुटतात, आणि तरीही ती क्वचितच कोणी करते, कारण पट्टीवर संशय घेणे अधिक स्वाभाविक वाटते.

पट्टीतला ढिलेपणा किती आहे हे पाहण्याची सोपी रीत अशी. पट्टी मध्यभागी पक्की करावी, तिचे मुठीपासून दूरचे टोक बोटाने हलकेच वरच्या दिशेला दाबून एक बारीक रेषा काढावी, आणि तेच टोक खालच्या दिशेला दाबून दुसरी. दोन रेषा मुठीजवळ एकमेकींवर येतात आणि दूरच्या टोकाकडे उघडत जातात. त्या टोकाशी दिसणारी फट म्हणजे चित्र काढताना नकळत होऊ शकणारी कमाल चूक. काही बोर्डांत पट्टी एकाच बाजूच्या खाचेत धरलेली असते आणि दुसरे टोक मोकळे असते. त्यांत थोडी फट असणारच. दोन्ही बाजूंना धरलेल्या पट्टीत ती जवळजवळ नसावी.

ढिलेपणाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे खाचेत साचलेला खोडरबराचा चुरा आणि शिसाची पूड. या दोहोंचा घट्ट थर बसला की मुठीचा आतला भाग खाचेच्या भिंतीला सगळीकडे सारखा टेकत नाही. एखाद्या जागी अडतो आणि पुढे एकदम सुटतो. खाच आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, चिकटून राहिलेला थर लाकडी काडीच्या बोथट टोकाने काढावा, आणि शेवटी कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. थिनर आणि ॲसिटोन बोर्डाजवळही आणू नये, कारण अनेक प्लास्टिक त्यांत विरघळते किंवा पांढरे पडते. पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्टीला तर स्पिरिटनेही बारीक तडे जाऊ शकतात. खाचेत तेल सोडण्याचा मोहही टाळावा. पट्टी दोन दिवस छान सरकते, पण तेलावर धूळ व शिसे चिकटून आधीपेक्षा वाईट थर तयार होतो आणि कागदावर डाग पडतात ते वेगळेच.

खाच स्वच्छ झाल्यावरही ढिलेपणा राहिला, तर मूठ आणि पट्टी यांना जोडणारे स्क्रू असल्यास ते तपासावेत. ते सावकाश, आळीपाळीने आवळावेत. प्लास्टिकमधला आटा एकदा घसरला की दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. बटण दाबून सोडल्यावर पट्टी खरोखर पक्की होते की बोटाने ढकलताच सरकते, हेही पाहावे. पक्के करणाऱ्या भागावर शिसे बसले असेल तर बोर्ड थोडा उतरता ठेवताच पट्टी स्वतःच्या वजनाने घसरते, आणि ती मूठ असलेल्या बाजूपेक्षा मोकळ्या टोकाशी आधी घसरते.

उरलेला ढिलेपणा सवयीने निष्प्रभ करता येतो. पट्टी नेहमी मुठीकडूनच सरकवावी, दूरचे टोक ओढून नाही. इच्छित जागी ती नेहमी एकाच दिशेने आणावी, उदाहरणार्थ खालून वर. खुणेच्या पुढे गेली तर खुणेपर्यंत मागे न घेता चांगली खाली न्यावी आणि पुन्हा वर आणावी. यामुळे खाचेतला मोकळेपणा दर वेळी एकाच बाजूला जातो, पट्टी दर वेळी तितकीच तिरपी राहते, आणि वर सांगितल्याप्रमाणे कायम राहणारा तिरपेपणा चौकट बिघडवत नाही. पट्टी पक्की केल्याशिवाय रेषा काढू नये, आणि रेषा काढताना डाव्या हाताचा भार पट्टीच्या मध्यावर, सरळ खाली असावा. ही शिस्त मला कोणत्याही दुरुस्तीपेक्षा अधिक उपयोगी वाटते.

लाकडी बोर्डावर तारांच्या आधाराने सरकणारी समांतर पट्टी असेल, तर तेथे खाच नसते आणि ढिलेपणाचा अर्थ तार सैल झाली एवढाच असतो. एका बाजूचा तारेचा पकड-स्क्रू सोडून, पट्टी आधी काढलेल्या विश्वासू रेषेवर बसवून, तार ताणून स्क्रू पुन्हा आवळला की काम होते.

कागद

कागदाबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. कागदाची कड ही संदर्भरेषा नव्हे. आयएसओ २१६ या मानकानुसार १५० ते ६०० मि.मी. लांबीच्या बाजूत २ मि.मी. पर्यंत कमी-जास्त माप चालते. म्हणजे नियमात बसणारा ए-३ कागदही सांगितलेल्या मापाहून २ मि.मी. लहान किंवा मोठा असू शकतो. आपण ज्या अर्ध्या मिलिमीटरचा पाठलाग करत आहोत, त्याच्या चौपट मोकळीक कागद कापणाऱ्याला आधीच दिलेली आहे. कागद खालच्या कडेवरून लावून पहिली रेषा काढली, आणि नंतर कधीतरी वरच्या कडेवरून मोजायला सुरुवात केली, तर चौकट न जुळण्यात नवल काहीच नाही. छापील चौकट असलेल्या कागदावर काम करायचे असेल, तर पट्टी छापील रेषेशी जुळवावी, कडेशी नाही. छपाई आणि कापणी यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नसते.

कागद बोर्डावर लावताना त्याच्या दोन्ही टोकांना, चित्राच्या बाहेर, पट्टीच्या एकाच बसणीत काढलेल्या दोन लहान आडव्या खुणा कराव्यात. कामात खंड पडल्यावर, पट्टीला धक्का लागल्यावर किंवा कागद काढून परत लावताना पट्टी या दोन खुणांवर आणून पाहायची. दोन्ही जुळल्या तर पुढे जायचे, एक जरी सुटली तरी कागद पुन्हा बसवायचा. एकाच खुणेने काम भागत नाही, कारण एका खुणेभोवती कागद फिरू शकतो आणि तरी ती खूण जुळलेलीच दिसते.

कागद सरकण्याची कारणे साधी असतात. वरच्या बाजूची दाबपट्टी कागद एकाच कडेने धरते, आणि खालचा भाग पट्टीबरोबर पुढेमागे ओढला जातो. पट्टी खाली येताना कागदाला किंचित फुगवटा येतो, तो फुगवटा दाबला गेला की कागद बाजूला सरकतो. ट्रेसिंग पेपर आणि पॉलिएस्टर फिल्म यांवर प्लास्टिकची पट्टी घासून स्थिर वीज तयार होते, आणि मग पट्टी कागदाला अक्षरशः चिकटून उचलते. उपाय म्हणजे पट्टी सरकवताना ती किंचित उचलून सरकवणे आणि कागद चारही कोपऱ्यांत धरणे. कागदी चिकटपट्टीचे लहान तुकडे कोपऱ्यावर तिरके लावावेत: आधी वरचा डावा, मग त्याच्या समोरचा खालचा उजवा, मग उरलेले दोन, आणि प्रत्येक वेळी तळहाताने कागद मध्यापासून त्या कोपऱ्याकडे सपाट करत जावे. सेलोटेप शक्यतो वापरू नये. काढताना कागदाचा पापुद्रा निघतो आणि बोर्डावर राहिलेला डिंक पुढच्या कागदाला सुरकुती पाडतो. चिकटपट्टीचे तुकडे पट्टीच्या वाटेत येत असतील तर त्यांच्यावरून जाताना पट्टी उचलावी, नाहीतर तिची जाडी पट्टीला त्या बाजूने अडवते.

आणखी एक गोष्ट अशी, की हवेतील ओलाव्याने कागद फुगतो, आणि तो सर्व दिशांनी सारखा फुगत नाही. तंतू ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक वाढतो. रात्री अर्धवट सोडलेली चौकट सकाळी जुळत नसेल, आणि दिवसभरात पूर्ण केलेली मात्र जुळत असेल, तर बोर्डाकडे पाहूच नये. कागद वापरण्यापूर्वी काही तास त्याच खोलीत मोकळा ठेवावा, आणि चौकट व मुख्य मध्यरेषा एकाच बैठकीत पूर्ण कराव्यात. ट्रेसिंग पेपरच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. पॉलिएस्टर फिल्मवर ओलाव्याचा परिणाम फारच थोडा होतो, म्हणून अनेक दिवस चालणाऱ्या कामाला ती सोयीची.

गुण्या आणि उभ्या रेषा

गुण्याचा काटकोन तपासण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही विश्वासू काटकोनाची गरज नसते. पट्टी पक्की करून गुण्या तिच्यावर टेकवावा आणि एका बिंदूतून उभी रेषा काढावी. गुण्या पालथा करून, म्हणजे त्याची वरची बाजू खाली करून, त्याच बिंदूतून पुन्हा उभी रेषा काढावी. दोन रेषा एकच दिसल्या तर काटकोन बरोबर. त्या उघडत गेल्या, तर वरच्या टोकाशी दिसणारी फट ही प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. २०० मि.मी. उंचीवर १ मि.मी. फट म्हणजे गुण्याची चूक ०.५ मि.मी., कोनात सुमारे ०.१४ अंश. तपासणीपूर्वी पट्टीची वरची कड आणि गुण्याचा पाया पुसून घ्यावा. रबराचा एक कण टेकणीखाली आला तरी चाचणीचा निकाल बदलतो, आणि तोच कण रोजच्या कामातही उभ्या रेषा अधूनमधून तिरप्या करत असतो.

गुण्या थोडा चुकीचा असला तरी सगळ्या उभ्या रेषा त्याच बाजूने काढल्या, तर त्या परस्परांना समांतर येतात. चौकट जुळते, फक्त ती आयताऐवजी किंचित कललेली असते. बिघडते ते गुण्या पालथा केल्यावर. डावी बाजू काढताना गुण्या एका तोंडाने, आणि उजवी काढताना हाताला सोयीचे म्हणून दुसऱ्या तोंडाने टेकवला, तर दोन रेषा विरुद्ध दिशांना कलतात. केवळ ०.१ अंशाच्या चुकीने २४० मि.मी. उंचीवर प्रत्येक रेषा ०.४ मि.मी. सरकते, आणि दोन्ही मिळून वरची रुंदी ०.८ मि.मी. ने चुकते. वरची रुंदी खालच्या रुंदीहून वेगळी येण्याचे हे सर्वांत फसवे कारण आहे, कारण गुण्या वाईट वाटत नाही आणि प्रत्येक रेषा एकटी पाहिली तर बरोबर दिसते. गुण्याच्या एका तोंडावर पेन्सिलीने खूण करून, सर्व उभ्या रेषा तीच खूण वर ठेवून काढाव्यात.

पडल्यामुळे कोपरा चेपलेला किंवा कडेला खाच पडलेला प्लास्टिकचा गुण्या घासून सुधारण्याचा प्रयत्न करू नये. काटकोन टिकवून घासणे हाताने जमत नाही. बोर्डासोबत आलेले, ठरावीक कोनांवर अडकणारे ड्राफ्टिंग हेड असेल, तर त्याचीही हीच चाचणी शून्य अंशावर घ्यावी. त्यात शून्य जुळवण्याची सोय असल्यास तेथेच सुधारणा करता येते.

पट्टीची कड, बोर्डाची पाठ

पट्टीची कड सरळ आहे का, हे तपासताना पट्टी काढण्याची गरज नाही. तिच्या कडेने एक लांब रेषा काढावी, कागद सोडवून अर्ध्या वर्तुळात फिरवावा, रेषेची दोन टोके पुन्हा त्याच कडेशी जुळवावीत, आणि त्या टोकांमधून दुसरी रेषा काढावी. कड कमानीसारखी वाकलेली असेल तर दोन रेषांच्या मध्ये लांबट पोकळी दिसते, आणि ती मध्यभागी प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असते. उन्हात किंवा बंद वाहनात राहिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत असा वाक आढळतो. तो गरम हवेने सरळ करण्याचे प्रयोग मी सुचवणार नाही. पट्टी वरवर सरळ होते, पण कड लहरीसारखी होते.

बोर्ड स्वतः पिळवटला असेल तर तो टेबलावर डगमगतो. मात्र त्याआधी त्याच्या खालची रबरी पावले चारही शाबूत आहेत का ते पाहावे, कारण एक पाऊल झिजले किंवा गळून पडले तरी तसाच डगमग होतो. पातळ प्लास्टिकचा बोर्ड मांडीवर किंवा मऊ गादीवर ठेवून काम केले, तर हाताच्या भाराने तो दर रेषेला वेगळा वाकतो, खाचही त्याच्याबरोबर वाकते, आणि पट्टीचा तिरपेपणा दर रेषेला बदलतो. हलवता येण्याजोगा बोर्ड कुठेही ठेवून वापरता येतो, ही समजूतच बरेचदा नडते. चौकट आणि मुख्य रेषा तरी कठीण, सपाट पृष्ठभागावर काढाव्यात.

हात आणि मोजपट्टी

पेन्सिल कडेला कशी टेकते याकडे बहुधा लक्ष जात नाही. पेन्सिलीचा वरचा भाग पट्टीच्या बाजूला झुकलेला असेल, तर ती पट्टीच्या वरच्या काठाला टेकते आणि टोक कडेपासून दूर उतरते. पट्टीचा काठ कागदापासून ३ मि.मी. उंच असेल, तर १० अंशांच्या झुकावाने रेषा सुमारे अर्धा मिलिमीटर सरकते. रेषेच्या सुरुवातीला आणि शेवटी हाताचा कल बदलला की सरळ पट्टीनेही तिरपी रेषा निघते. पेन्सिल रेषेच्या दिशेला झुकलेली चालेल, पट्टीच्या बाजूला मात्र एकच कल शेवटपर्यंत ठेवावा. ०.५ मि.मी. च्या यांत्रिक पेन्सिलीची धातूची नळी कडेला टेकून चालते, त्यामुळे ती येथे लाकडी पेन्सिलीपेक्षा भरवशाची ठरते. आणि पट्टी खुणेवर आणण्याऐवजी पेन्सिलीचे टोक खुणेवर ठेवून पट्टी त्या टोकाला हलकेच लागेपर्यंत आणावी, म्हणजे शिसाच्या जाडीचा हिशेब आपोआप होतो.

आयताच्या सर्व बाजू आणि कर्ण सारखे, पण माप चुकलेले, असा निकाल आला असेल तर मोजण्याची पद्धत बदलावी. एकामागोमाग एक अशी दहा अंतरे मोजत गेल्यास, प्रत्येक वेळी ०.२ मि.मी. एकाच बाजूला चूक झाली तरी शेवटी २ मि.मी. फरक साचतो. सर्व अंतरे एकाच आरंभबिंदूपासून, मोजपट्टी न हलवता खुणावावीत. डोळा प्रत्येक खुणेच्या सरळ वर असावा, विशेषतः मोजपट्टी जाड असेल तेव्हा. पट्टीवर छापलेले माप आणि सुटी पोलादी मोजपट्टी यांची सरमिसळही करू नये: ॲक्रिलिक प्रत्येक अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे ०.०७ मि.मी. वाढते, पोलाद सुमारे ०.०१२ मि.मी.; ४०० मि.मी. लांबीवर २० अंशांच्या फरकाने दोघांत अर्ध्या मिलिमीटरजवळ तफावत पडू शकते.

दोन खाचांचा बोर्ड

यातले सगळे तपासून झाले, पट्टी एकाच ठिकाणी परत येते, कागद हलत नाही, गुण्या पालथा करूनही रेषा एकच येते, आणि तरी कर्णांत दर वेळी तेवढाच आणि त्याच बाजूचा फरक राहतो, असे एक प्रकरण शिल्लक उरते. काही बोर्डांना बाजूला आणि वर अशा दोन्हीकडे खाचा असतात, आणि पट्टी काढून वरच्या खाचेत बसवली की तिनेच लांब उभ्या रेषा काढता येतात. ही सोय आकर्षक आहे, पण तिच्यामुळे सगळी भिस्त दोन खाचांमधील काटकोनावर, आणि दोन्ही खाचांत मूठ सारखीच बसण्यावर येते. पट्टीचा तिरपेपणा एका खाचेपुरता निरुपद्रवी होता; येथे मात्र दोन खाचांत तो वेगवेगळा पडला, तर तेवढा फरक थेट चौकटीत उतरतो. तपासणीसाठी एका खाचेतून आडवी रेषा व दुसऱ्या खाचेतून उभी रेषा काढावी, आणि आडवी रेषा ज्या बसणीत काढली तिच्यावरच गुण्या टेकवून शेजारी दुसरी उभी रेषा काढावी. दोन उभ्या रेषा समांतर नसतील, तर एका कागदावर दोन्ही खाचा वापरू नयेत: आडव्या रेषा बाजूच्या खाचेतून काढाव्यात, सर्व उभ्या रेषा गुण्याने काढाव्यात, आणि गुण्याच्या उंचीपेक्षा लांब उभी रेषा हवी असेल तर ती पट्टी वर सरकवून, आधीच्या रेषेचा निदान ५० मि.मी. भाग गुण्याच्या कडेखाली ठेवून पुढे वाढवावी.